रेडिओ वाजेपर्यंत किल्ली मिळणार नाही

आमच्या सोसायटीत एखादी गोष्ट हसण्यावारी न्यायची असेल, तर ती सभेबाहेर बोलावी. सभेत बोललेलं सगळं इतिवृत्तात जातं आणि इतिवृत्तात गेलेलं खोडायचं तर पुन्हा सभाच बोलवावी लागते. हे माझ्या सासऱ्यांना चांगलंच ठाऊक होतं, कारण बरीच वर्षं ते स्वतःच सेक्रेटरी होते. तरीही पुनर्विकासाच्या शेवटच्या सभेत ते काठी टेकत उभे राहिले आणि म्हणाले, "माझा रेडिओ वाजला की मी घराची किल्ली देतो. त्याआधी नाही."

सभा खाली पार्किंगमध्ये चालली होती. सगळे हसले. चेअरमन तेवढे हसले नाहीत. ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि हसण्यापूर्वी विषयपत्रिका बघतात.

"ठराव म्हणून मांडताय का?" त्यांनी विचारलं.

"मांडतोय."

"अनुमोदन?"

आम्ही सगळे एकमेकांकडे बघत असताना वरून आवाज आला, "माझं आहे अनुमोदन! लिहून घ्या!"

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू सभेला नेहमी गॅलरीतूनच हजर असत. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि काकूंच्या गुडघ्यांनी जिन्याशी कधीच फारकत घेतली आहे. भाजी, दूध, औषधं सगळं त्या दोरीला बांधलेल्या टोपलीतून वर ओढतात आणि सूचना, हरकती, टोमणे वरून खाली सोडतात. पुनर्विकास व्हावा, लिफ्टची नवी इमारत उभी राहावी, असं त्यांच्याइतकं कुणालाच वाटत नव्हतं. पण चेअरमनना चिमटा काढायची संधी त्यांच्याने सोडवली नाही. ठराव मंजूर झाला. शेवटची किल्ली हातात पडल्याशिवाय बिल्डर काम सुरू करणार नव्हता आणि सगळ्यांनी एकदमच हलायचं ठरलेलं होतं, म्हणजे अख्खी सोसायटी आता एका मुक्या रेडिओच्या ताब्यात गेली. आणि ती तिथे नेऊन ठेवणाऱ्यांत, सगळ्यात जास्त घाई असलेल्या काकूच होत्या.

तो रेडिओ आमच्या हॉलमध्ये शोकेसवर बसलेला असे. लहानशा ट्रंकेएवढा लाकडी, पुढे सोनेरी धाग्याचं कापड, हस्तिदंती रंगाची बटणं. माझं लग्न होऊन मी या घरात आले तेव्हाच तो बंद पडलेला होता. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, आठवड्यातून एकदा तरी म्हणायच्या, "अहो, तो रेडिओ बघा ना जरा." आणि बाबा म्हणायचे, "रविवारी बघतो." बाबांची सगळी नोकरी सरकारी टेलिफोन खात्यात गेली. अर्ध्या पेठांचे फोन त्यांनी बोलते केले होते. घरच्या रेडिओसाठी मात्र रविवार काही उजाडला नाही. शेवटी आईंनी त्याच्यावर फुलदाणी ठेवायला सुरुवात केली, आणि दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या.

त्यामुळे सभेत ते असं का बोलले, हे मला विचारायची गरज वाटली नाही. आईंचं राहिलेलं काम या घरात असतानाच पुरं करायचं असेल, असं मी मनाशी धरलं. माझा तर्क अर्धाच बरोबर होता, हे पुढे कळलं.

दुसऱ्याच दिवशी जेवणाचं टेबल गेलं. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवू लागलो आणि टेबलावर रेडिओ पोट उघडून बसला. आत झुरळांच्या पिढ्या नांदून गेल्या होत्या. माझ्या नवऱ्याची हडपसरला आयटी कंपनीत नोकरी आहे. तो दोन मीटिंगांच्या मधे डोकावून म्हणाला, "बाबा, मी मदत करू का? मीही इंजिनियर आहे."

"कशाचा?"

"सॉफ्टवेअरचा."

"मग चहा टाक."

मदतनीस म्हणून माझी नेमणूक झाली. बाबांचा हात हल्ली कापतो, म्हणून डाग द्यायच्या वेळी वायर मी धरायची आणि सोल्डर ते लावणार. वायर हलली की ते म्हणायचे, "हात स्थिर ठेव." मी म्हणायचे, "माझा हात स्थिर आहे बाबा, टेबल हलतंय." त्यावर ते म्हणायचे, "टेबल आपणहून हलत नसतं." चाळीस वर्षं ज्यांनी खांबावर चढून तारा जोडल्या, त्यांच्याशी वाद कोण घालणार? मी हिशेबांच्या कामातली बाई, पण त्या दिवसांत मला कंडेन्सर कुठला आणि ट्रान्सफॉर्मर कुठला हे कळायला लागलं. शेजारच्या बाईनं भाजीचं विचारलं तरी मी व्हॉल्व्हचं सांगायचे.

हे व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या छोट्या बाटल्या. आत तार तापून लाल होते, तेव्हा रेडिओ बोलतो. आमच्या रेडिओत ते पाच होते. त्यातले दोन गेलेले निघाले आणि नवे आता कुणी बनवत नाही, म्हणून मी आणि बाबा रिक्षा करून बुधवार पेठेत गेलो. पूर्वी इथे दर दुकानात रेडिओचे सुटे भाग मिळायचे, असं बाबा वाटेत सांगत होते. आता दर दुकानात कॅमेरे, चार्जर आणि नाचणाऱ्या दिव्यांच्या माळा. पहिल्या तीन दुकानांनी नुसती मान हलवली. चौथ्या दुकानातल्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "व्हॉल्व्ह? नळाचे असतील तर पलीकडच्या गल्लीत."

"आणि गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं, ते कुठल्या गल्लीत शिकवतात?" बाबांनी विचारलं.

दुकानदारांचा चेहरा एकदम खुलला. तोडीस तोड माणूस बऱ्याच दिवसांनी दुकानात आलेला असावा. त्यांनी बाबांना स्टूल दिलं, चहा सांगितला आणि माळ्यावरून धुळीनं माखलेलं एक खोकं काढवलं. बाबा एकेक व्हॉल्व्ह उजेडात धरून बघत होते आणि बाजूला ठेवत होते.

"तो चांगला आहे, काका," दुकानदार म्हणाले.

"तुम्ही लावून बघितलाय?"

"माझ्या वडिलांनी बघितलेला होता."

"मग त्यांना बोलवा."

"ते वारले."

"मग हा त्यांच्याबरोबरच पाठवायचा होता. दोघंही एकाच सुमारास गेलेले दिसतात."

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. दुकानदार मात्र इतके हसले की त्यांचा चहा सांडला. तासाभरानं दोन जिवंत व्हॉल्व्ह सापडले. ते कापसात गुंडाळून बाबांनी स्वेटरच्या खिशात ठेवले आणि स्वारगेटजवळ रिक्षा गर्दीत अडकली तेव्हा धक्का बसू नये म्हणून खिशावर हात ठेवून बसले. मी बाजूला बसले आहे, हे ते विसरले होते.

पहिल्या चाचणीला सगळी कमिटी आमच्या हॉलमध्ये जमली. बाबांनी बटण फिरवलं. काचेमागे पिवळा दिवा लागला, स्टेशनांची नावं उजळली आणि थोड्या वेळानं आतून हूंऽऽ असा आवाज येऊ लागला.

"वाजला!" चेअरमन म्हणाले आणि त्यांनी किल्लीसाठी हातच पुढे केला.

"हा गुणगुणतोय," बाबा म्हणाले. "ठरावात 'वाजला' असा शब्द आहे."

दुसऱ्या एखाद्या गावात यावर हाणामारी झाली असती. आमच्याकडे चेअरमननी इतिवृत्ताची वही मागवली, शब्द वाचला आणि मान्य केला. जाताना मात्र ते हळूच म्हणाले, "आत एखादा ब्लूटूथ स्पीकर बसवला तर? दिसायला तसाच, आणि गाणी हवी ती."

"चालेल," बाबा म्हणाले. "मी तुम्हाला किल्लीचा फोटो पाठवतो."

दुसऱ्या चाचणीसाठी उंच एरियल हवी असं ठरलं. आमच्या खिडकीतून तांब्याची तार निघाली. काकूंनी ती आपल्या भाजीच्या टोपलीला बांधून वर ओढली आणि तिथून ती गच्चीवर गेली. तरीही रेडिओ हूंच्या पुढे गेला नाही. मग बाबांनी निदान केलं की दोष इमारतीचा आहे. हल्लीचे दिवे, इन्व्हर्टर, वायफाय हे सगळे हवेत कचकच करतात आणि त्या कचकचीत बिचारं स्टेशन बुडून जातं. हे खोटं नव्हतं, मी नंतर खात्री करून घेतली. कमिटीनं फर्मान काढलं. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी आपापला मेन स्विच बंद करायचा, फक्त आमचा चालू, आणि आमच्याकडेही रेडिओखेरीज काही नाही.

लोकांनी ऐकलं, याचं मला आजही नवल वाटतं. सगळी इमारत काळोखात, मुलं जिन्यात मेणबत्त्या घेऊन बसलेली, कुणाची मालिका बुडाली, कुणाची इडली अर्धीकच्ची राहिली. आमच्या हॉलमध्ये चेअरमन, सेक्रेटरी आणि अजून तीन-चार जण श्वास रोखून उभे. बाबांनी बटण फिरवलं. मी नेहमीप्रमाणे मागच्या बाजूला उभी होते.

आणि त्या काळोखात मला दिसलं की लाल ठिणग्या चारच आहेत.

पाचवा व्हॉल्व्ह पत्र्याच्या टोपीखाली असतो. टोपीला भोकं आहेत आणि त्यातून लाल दिसायला हवं, कारण तो मी स्वतःच्या हातानं बसवला होता. उजेडात हे कधीच लक्षात आलं नसतं. मी टोपीला बोट लावून पाहिलं, चटका बसला नाही. हळूच उचलली. खाली नुसती खोबण होती. मान वर केली तर बाबा माझ्याकडेच बघत होते.

मी टोपी जागच्या जागी ठेवली आणि मोठ्यांदा म्हणाले, "छे, अजून हूंच येतंय हो."

का म्हणाले, हे मला त्या क्षणी माहीत नव्हतं. चेअरमननी सुस्कारा टाकला, दिवे लागले आणि सगळे आपापल्या अर्ध्याकच्च्या इडल्यांकडे गेले. नवरा शेजाऱ्यांचा फ्यूज बघायला गेला. मी दार लावलं आणि बाबांसमोर बसले.

"पाचवा कुठे आहे?"

त्यांनी स्वेटरच्या खिशातून कापसाचं पुडकं काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"म्हणजे हा पहिल्या दिवसापासून वाजू शकतो?"

"पहिल्या चाचणीच्या आदल्या दिवशीच वाजला. तू ऑफिसला गेली होतीस. छान वाजतो."

"मग बाबा, एवढी सगळी माणसं अंधारात बसवलीत ती कशाला?"

"वाजला की जावं लागेल ना," ते म्हणाले.

त्यांनी काठीनं खिडकीखालची भिंत दाखवली. आई तिथे खाली बसायच्या, पाय पसरून, भिंतीला डोकं टेकून भाजी निवडत. त्यांच्या डोक्याच्या तेलाचा एक फिकट डाग त्या जागी आहे. गेल्या दिवाळीला मी हॉलला रंग काढायचा म्हटलं तर बाबांनी भलताच वाद घातला होता. वासानं खोकला येतो म्हणाले होते.

"ती इथे आहे असं मी म्हणत नाही," बाबा म्हणाले. "मी काही भ्रमिष्ट झालेलो नाही. पण ती कुठे बसायची ते मला इथे माहीत आहे. सकाळी उठलो की आधी तिकडे बघतो. त्या भाड्याच्या घरात मी कुठे बघू?"

मला रडू आलं आणि रागही आला. राग बाबांचा नव्हता, आपल्याला हे दोन वर्षांत कसं दिसलं नाही, याचा होता. मी ते पुडकं उचललं आणि पुन्हा त्यांच्या खिशात ठेवलं. म्हटलं, "अजून थोडे दिवस राहू दे बिघडलेला."

त्यानंतर मी बिनदिक्कत खोटं बोलायला लागले आणि मला ते चांगलं जमतं, असा शोध लागला. चेअरमन जिन्यात भेटले की मी चेहरा पाडून म्हणायचे, "कंडेन्सरच बसतो हो सारखा." त्यांना कंडेन्सर म्हणजे काय हे माहीत नसल्यामुळे ते सहानुभूतीनं मान हलवायचे. बाबा आत बसून सगळं ऐकायचे आणि मी घरात आले की म्हणायचे, "बसत नाही, कंडेन्सर लीक होतो. खोटं बोलायचं तर नीट बोलावं." आमचं सासऱ्या-सुनेचं इतकं चांगलं कधीच जमलं नव्हतं.

हे किती दिवस चाललं असतं, कुणास ठाऊक. पण एका सकाळी काकूंचा फोन आला. एरियलची तार सुटून त्यांच्या गॅलरीत लोंबत होती. मी जाते म्हटलं, तर बाबा निघाले. तार बांधणं हे माझं काम नव्हे, असं त्यांचं मत पडलं. दर मजल्यावर दम खात, कठड्याला धरून, ते तिसऱ्या मजल्यावर पोचले. मी पक्कड घेऊन मागे.

काकू दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. "या भाऊजी. झाला का तुमचा रेडिओ?"

"होतोय," बाबा म्हणाले.

"नाही म्हणजे, घाई नाही. माझंच अनुमोदन आहे, मी कुठल्या तोंडानं बोलू? मला वाटलं, चार दिवसांची गंमत होईल." त्या हसल्या, पण हसू फार टिकलं नाही. "मुलानं भाड्याचं घर तळमजल्यावर बघितलंय. दार उघडलं की रस्ता, म्हणाला. मी त्याला सांगून ठेवलंय, पहिल्या दिवशी मला मंडईत न्यायचं. इतकी वर्षं टोपलीत येईल ते खाते. भाजीवाला वांगी देतो, पण ती त्यानं निवडलेली असतात हो. मला माझ्या हातानं दाबून बघायचीत."

बाबा तार बांधत होते. त्यांनी एक गाठ मारली, मग त्यावर दुसरी मारली, मग पहिली सैल झाली का ते बघितलं.

"रोज सकाळी वाटतं, आज खालून आवाज येईल," काकू म्हणाल्या. "म्हणून गॅलरीचं दार मी उघडंच ठेवते."

आम्ही खाली उतरू लागलो. दुसऱ्या मजल्यावर बाबा थांबले. मला वाटलं, दम लागला. ते म्हणाले, "वांगी दाबून घेत नसतात. देठ बघायचं असतं. हिला कुणी शिकवलं?"

घरात आल्यावर त्यांनी चप्पलही काढली नाही. सरळ टेबलाशी गेले, पत्र्याची टोपी काढली, खिशातलं पुडकं उघडलं आणि पाचवा व्हॉल्व्ह खोबणीत दाबला. मला वायर धरायला बोलावलं नाही. बटण फिरवलं आणि आम्ही दोघं उभे राहिलो. पिवळा दिवा लागला. हूं आलं. मग ते हूं कुठेतरी खाली बसत गेलं आणि आमच्या हॉलमध्ये एक भारदस्त पुरुषी आवाज म्हणाला, "शेतकरी बंधूंनो, कांद्यावर करपा दिसू लागताच फवारणी करावी."

इतक्या लोकांनी इतके दिवस ज्याची वाट बघितली, तो हा करपा! मला हसू आवरेना. बाबांनी आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. सगळ्या इमारतीला फवारणीचं प्रमाण ऐकू गेलं असेल. वरून काकूंची आरोळी आली, "भाऊजी! वाजला हो! वाजला!" आणि पाठोपाठ जिन्यात चेअरमनांच्या धावत्या पावलांचा आवाज. ते दारात आले तेव्हा त्यांच्या हातात इतिवृत्ताची वही होती. घरात ती ते उशाशी घेऊन झोपत असावेत.

पुढच्या रविवारी सगळी इमारत हलली. काकूंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून टेम्पोवाल्यांनी खाली आणलं. दर वळणावर त्या त्यांना वळायचं कसं ते सांगत होत्या. खाली पोचल्यावर कळलं की काकूंकडे बाहेर घालायची चप्पलच नाही, इतक्या वर्षांत लागलीच नव्हती. चेअरमननी आपल्या काढून दिल्या आणि दिवसभर ते मोजे घालून किल्ल्या गोळा करत फिरले. काकू त्या भल्यामोठ्या चपला फटफटवत गाडीत बसल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "आधी मंडई."

आमचं घर सगळ्यात शेवटी रिकामं झालं. नवरा टेम्पोबरोबर पुढे गेला होता. हॉलमध्ये रेडिओ तेवढा राहिला होता, कारण बाबा तो कुणाच्या हातात द्यायला तयार नव्हते. त्यांनी तो शेवटचा एकदा लावला होता. कुणीतरी बाजारभाव सांगत होतं. मी बाबांना बोलवायला दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले. ते खिडकीखालच्या भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"झाला बघ दुरुस्त," ते म्हणाले. "आता तू माझ्यासारखं रविवार-रविवार करू नकोस. चल, ऊठ. निघायचंय."

बाजारभाव संपले. बाबांनी रेडिओ बंद केला. खिडकीला धरून, गुडघे सावरत उठायला आईंना जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ ते तसेच थांबले. मग त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.